हुंकर बसंल, तानी चालत जाईल

नसीम,

तू गेलीस त्याला आज बारा दिवस झाले. या बारा दिवसांत मी तुझ्याशी इतकी भांडले आहे, की तू समोर असतीस तर "उजे, जरा दम खा की" म्हणाली असतीस. आता दम खायला सांगणारं कुणी नाही, आणि उलट उत्तर देणारंही कुणी नाही. त्यामुळे भांडण पहिल्या वाक्यावरच अडून राहतं.

लोक तुझ्याबद्दल बोलतात ते मी ऐकते. गोठ्यागोठ्यांतून फिरलेली जनावरांची डॉक्टर. गडहिंग्लजच्या नालबंदाची लेक. अडलेल्या म्हशीपाशी खांद्यापर्यंत हात घालून तासन् तास बसणारी बाई. सगळं खरं आहे. पण माझ्या वाटणीची नसीम त्यात सापडत नाही. माझी नसीम जगात कुठंच नसलेल्या एका जनावराची डॉक्टर होती, आणि हे आता तुझ्या घरचे सोडले तर मला एकटीलाच माहीत आहे.

तुला ती दुपार आठवत असणार. राजारामपुरीतल्या क्लासमधलं माझं शिकवणं संपवून मी तुझ्याकडे आले होते, पिशवीत मुलांच्या कादंबरीची पहिली चार पानं घेऊन. कॉलेजात एका बाकावर बसलो तेव्हापासून माझं लिहिलेलं पहिल्यांदा तूच ऐकायचीस. तू मोरीत उभी राहून साबणानं हात धूत होतीस, दंडापर्यंत. "वाच," म्हणालीस. मी वाचलं. तानी नावाची मुलगी, घाटापलीकडच्या वाड्यांना औषधं पोचवणारी, आणि तिचं बसायचं जनावर. घोड्याचं अंग, हरणाची मान, पाठीवर पंख. ते दमत नाही, थोडकं खातं, आणि बसणाऱ्याच्या मनातलं ओळखतं.

तू नळ बंद केलास. "हे मरंल."

"कोण?"

"हे तुझं जनावर. पहिल्याच चढाला मरंल. खातंय काय ते?"

"थोडंसं गवत."

"थोडंसं गवत खाऊन घाट चढतंय? मग माझी सासू बी चढंल की."

मी रागावले. तू हसत हात पुसत राहिलीस. पण मला आतून लाजही वाटली, हे तेव्हा सांगितलं नाही. रोज फळ्यावर पचनसंस्था काढून देणारी मी, आणि माझ्या जनावराला पोट द्यायचंच विसरले होते.

"पाय आधी काढ," तू म्हणालीस. "पंख-बिंख राहू दे. ते चालतंय कशावर, ते ठरव आधी."

मग तू अब्बांचं सांगितलंस. बाजाराच्या दिवशी बैल आडवा पाडून त्याचे पाय बांधायचे, आणि सात-आठ वर्षांची तू त्याचा खूर मांडीवर धरून बसायचीस. अब्बा खुराला लोखंडी पत्री ठोकायचे. म्हणायचे, "तोंड बघू नकोस बेटा, पाय बघ. जनावराचं सगळं पायात लिहिलेलं असतंय." त्या दुपारी जेवायची शुद्ध न ठेवता आपण पाय ठरवले. जांभ्या दगडावर आणि शेवाळावर साधा खूर घसरतो, म्हणून दोन रुंद बोटं आणि मध्ये खरखरीत गादी. पाय टेकला की बोटं फाकणार, उचलला की मिटणार. "मिटलीच पाहिजेत," तू म्हणालीस, "न्हाईतर चिखल धरून ठेवतोय." तुझ्या ओल्या हाताची बोटं टेबलावर फाकून आणि मिटून तू दाखवत होतीस. ते टेबल, तो हात, अजून डोळ्यांपुढून जात नाही.

पुढची आठ वर्षं त्या जनावरानं आपली खाल्ली. ते रवंथ करणारं असणार हे तू ठरवलंस. म्हणजे सकाळी चरून झालं की त्याला दोन तास बसू द्यायचं, त्या वेळात त्याच्यावर बसायचं नाही. मी म्हटलं, "अगं, तानीला घाई आहे, गोष्ट थांबते." तू म्हणालीस, "मग थांबू दे की. तुझी तानी काय एसटी धरायला चाललीया?" पोट डावीकडं फुगणार म्हणून पाठीच्या मधोमध बसता येणार नाही. बसायचं पुढं, खांद्यावर, गुडघे बरगड्यांना न लावता. धावताना एका झेपेला एकच श्वास, त्यामुळे बसणाऱ्यानं पाय दाबले की त्याचा श्वास तुटणार. हे मला कागदावर कळेना, तेव्हा तू नवऱ्यालाच, इक्बालभाईंना, कामाला लावलंस. बिचारे गाड्यांच्या सीटा शिवणारे. दुकानातल्या रेक्झिनचं आणि फोमचं खोगीर शिवून त्यांनी ते तुमच्या सोफ्याच्या हातावर बांधलं, आणि तू मला त्यावर बसवून माझे गुडघे दोन्ही हातांनी बाहेर ओढत होतीस. "हितं दाबलंस की मेलं त्ये!" इक्बालभाई चहा घेऊन आले आणि गंभीरपणे म्हणाले, "गिऱ्हाईक विचारत होतं, ही सीट कुठल्या गाडीची. काय सांगू?" आपण दोघी हसून हसून खाली बसलो. पन्नाशीला आलेल्या दोन बायका.

नाव तुझ्या आवाजातून आलं. समाधानात असलं की ते नाकातून खोल काहीतरी म्हणणार, कानाला कमी आणि बसणाऱ्याच्या मांड्यांना जास्त कळेल असं. तू तो आवाज काढून दाखवलास आणि मी कागदावर लिहिलं, हुंकर. तेव्हापासून ती "ते जनावर" राहिली नाही, "ती" झाली.

रविवारी मी तुझ्या गाडीत मागं बसून फिरायला लागले. कधी कागलच्या एमआयडीसीमागच्या वस्त्या, कधी पार सीमेकडची गावं. तू मला गाईच्या डाव्या कुशीला कान लावायला लावायचीस. "ऐक. गडगडतंय? मग ठीक हाय." तुझ्यासोबत फिरताना मला कळलं, की तुला गोठ्यात सगळे कसे ओळखतात. बायका आधी म्हशीचं सांगायच्या आणि मग तुला बाजूला घेऊन स्वतःचं. तूही सगळ्या कोल्हापुरी बायकांसारखी "मी येतो, मी बघतो" करत त्यांचं ऐकत राहायचीस. घाई नाही, तोंडावर कीव नाही. एकदा परत येताना तू म्हणालीस, "उजे, एक लिहून ठेव. हुंकर कळपातली हाय. कळपातलं जनावर दुखणं दाखवत न्हाय. दाखवलं की वाघ त्येलाच धरतोय. तानीला हे कळाय पायजे. हुंकर गप्प झाली की समजायचं, काय तरी हाय." मी लिहून ठेवलं. पुस्तकात तसंच छापलंही. नुसतं लिहून ठेवलं, एवढंच माझ्या हातून झालं.

आणि मग तो बैल.

ऊस चालू होता. गडहिंग्लजकडून आपण परत येत होतो आणि वळणावर गाड्या थांबलेल्या. उसानं भरलेली बैलगाडी तिरकी झाली होती आणि डावा बैल खाली पडला होता, जू अजून मानेवर. उसाच्या पाल्याचा आणि शेणाचा वास. गाडीवान साठीचा असेल. तो बैलाला मारत नव्हता, त्याच्या तोंडाशी बसून कपाळावरून हात फिरवत होता. तुला बघून उठला.

"उठतंय म्याडम. लई इमानी हाय माझा. असाच गेल्या साली बी पडलता, उठला आन् कारखान्यापतूर आला. माझ्यासाठी येतंय त्ये."

तू बैलाच्या पुढच्या पायापाशी बसलीस. हात फिरवलास आणि एके ठिकाणी थांबलीस. मला तुझ्या तोंडावरूनच कळलं. "आधी जू काढा," तू म्हणालीस. चार माणसांनी ते काढलं. तू सुई दिलीस, बांबूच्या कामट्या मागवल्यास, पाय बांधलास. गाडीवान एकच बोलत होता, इमानी हाय, इमानी हाय. तू त्याच्याकडं न बघता म्हणालीस, "तुमच्यासाठी न्हाय ओ पावणं. त्येच्या मानंवर जू हुतं म्हणून त्यो आला."

तो माणूस रडायला लागला. तू मग त्याच्या शेजारी रस्त्याच्या कडेला बसलीस, टेम्पो येईपर्यंत. काय बोललात मला माहीत नाही. बैलाला टेम्पोत चढवताना त्या माणसानं तुझे हात धरले होते एवढं दिसलं. त्या बैलाचं पुढं काय झालं, हे तू मला कधी सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही.

शहर जवळ आलं तेव्हा तू बोललीस. "तुझ्या हुंकरीला इमानी करू नकोस."

मी "बरं" म्हटलं. आणि मी तेच केलं.

शेवटच्या प्रकरणात वाडीत साथ आहे, तानीजवळ औषध आहे, आणि घाट चढता चढता हुंकरीच्या नाकातून रक्त येतं. तरी ती धावते. तानीला वाडीच्या वेशीशी पोचवते आणि तिच्या पायाशी मरते. लिहिताना मी रडले होते. मला वाटलं, इतकं चांगलं मी आजवर काही लिहिलं नाही. तुला वाचून दाखवलं तेव्हा तू चष्मा काढून मांडीवर ठेवलास. 

"असं हुत न्हाय," म्हणालीस. "फुफ्फुसाला लागल्यावर ती पळणार न्हाय. ती बसंल. हुंकर बसंल, तानी चालत जाईल."

"मग गोष्टीत काय राहिलं?"

"तीच गोष्ट. पोरगी आपल्या पायानं घाट चढून जाती, ही गोष्ट न्हाय?"

"मुलांना हुंकरीचं प्रेम कळायला नको?"

"आठ वर्सं प्रेमच करतीया की ती. तिला मारून कशाला दाखवाय पायजे? उजे, मी रोज बघतो गं. जनावर आपल्यासाठी मरत न्हाय. आपण मारतोय त्येला, आणि मग म्हणतोय, माझ्यासाठी मेलं."

तेव्हा मी ते बोलले. तू विसरली असशील असं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगून बघितलं. "तुला जनावरं कळतात, नसीम. माणसं नाही. गोष्ट माणसांसाठी लिहायची असते."

चाळीस गावांतल्या बायका जिच्यापाशी मन मोकळं करायच्या, तिला मी हे म्हणाले. तू चष्मा घातलास. "बरं," म्हणालीस. चहाचा कप स्वतः विसळून ठेवलास आणि माझ्या घरातून निघून गेलीस.

पुस्तक आलं. शाळांतून पत्रं आली, हुंकर का मेली म्हणून मुलं रडली असं त्यांच्या बाईंनी लिहिलं. मला अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू. सुरुवातीच्या पानावर एका ओळीत तुझे आभार होते, 'जनावरांविषयीच्या माहितीबद्दल'. माहिती! तुझी आठ वर्षं मी त्या एका शब्दात बसवली. प्रकाशनाला तू आली नाहीस. निरोप आला, म्हैस अडलीय. खरंच अडली असेल. मी त्यावर विश्वास ठेवला नाही.

त्यानंतरचे सात-आठ महिने आपण बोलत होतो, पण कसं? ईदेला मी आले, शिरखुर्मा खाल्ला, पाऊस किती लांबला यावर बोललो. तू बारीक झाली होतीस. मी म्हटलं, "बरी दिसतेस, वजन उतरवलंस." तू "व्हय की" म्हणालीस आणि वाटीत अजून वाढलंस.

थंडी सुरू झाली तेव्हा एका दुपारी इक्बालभाई क्लासच्या दारात येऊन उभे राहिले. मी फळ्यावर काहीतरी काढत होते. ते आत येईनात, चप्पल काढू की नको अशा विचारात उभे. मी बाहेर गेले तर म्हणाले, "ताई, नसीमला भेटून जावा एकदा."  मग जिन्यात उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं. यकृत. उशिरा कळलं. डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हटलंय.

मी तशीच आले. तू पलंगावर उशीला टेकून बसली होतीस, डोळे पिवळे, आणि मला बघून पहिलं वाक्य काय, तर "हाताला खडू लागलाय तुझ्या."

"कधीपासून दुखत होतं?"

"पावसाळ्यापास्नं."

"आणि सांगितलं नाहीस?" मी ओरडलेच. "मला नाही, इक्बालभाईंनाही नाही?"

तू हसलीस. "कळपातलं जनावर दुखणं दाखवत न्हाय. तूच लिहिलंयस की पुस्तकात."

म्हणजे तू वाचलं होतंस. मी तुझ्या पलंगाशी खाली बसून रडले आणि तू पलंगावरून माझ्या डोक्यावर थोपटत राहिलीस, जसं म्हशीला थोपटायचीस तसं, जरा जोरातच.

त्यानंतर रोज दुपारी आले. क्लास सुटला की रिक्षा धरायची आणि तुझ्याकडं. आपण दुखण्याचं बोलत नव्हतो. तू म्हणालीस, "तुझ्या पुस्तकात एक बी म्हातारी हुंकर न्हाय. सगळ्या तरण्याताठ्या. म्हाताऱ्या कुठं जात्यात?" खरंच, मला सुचलंच नव्हतं. मग तू सांगायला लागलीस आणि मी मुलांच्या तपासलेल्या पेपरांच्या कोऱ्या बाजूंवर लिहायला लागले. म्हातारपणी आधी दात झिजणार. मग गवत नीट दळलं जात नाही, शेणात लांब काड्या दिसतात. तानीनं तोंडात बघायच्या आधी शेणात बघावं. पायाच्या बोटांमधली गादी गुळगुळीत होते, उताराला ती बिचकते. कळपात म्हातारी पुढं नसते आणि मागंही नसते.

"मग कुठं?"

"मधी. वाट तिला म्हाईत असती, म्हणून सोडायची न्हाय. पुढं चालायला बळ न्हाय. मागं ठेवली तर वाघ न्हेतोय. म्हणून मधी. कळप तिच्या चालीनं चालतोय, हळू."

हे तू डोळे मिटून सांगितलंस. मला विचारायचं होतं, हे तू कुठल्या कळपात बघितलंस, की आत्ता ठरवलंस. विचारलं नाही. दार उघडं होतं, बाहेर इक्बालभाई मशीन बंद ठेवून नुसते बसले होते. त्या दिवसांत ते दुकानात बसत नव्हते, सीटा घरी आणत होते आणि शिवत नव्हते.

रोज रिक्षात मी एक वाक्य तयार करायची. रोज ते तुझ्या दारात आलं की विरघळायचं. एका दुपारी मी धरून बसले, आज म्हणायचंच. तू जागी होतीस, जरा बरी होतीस. मी म्हटलं, "नसीम, ते शेवटचं प्रकरण..."

तू म्हणालीस, "पाणी दे."

मी पाणी दिलं. चमच्यानं, चार चमचे. तू तोंड मिटलंस, मान वळवलीस आणि झोपलीस. तुला तहान लागली होती की तुला ते ऐकायचंच नव्हतं? की ऐकायची गरज उरली नव्हती? बारा दिवस मी या तीन प्रश्नांत फिरते आहे. दुसऱ्या दिवशी तू बोलतच नव्हतीस. नुसता माझा हात धरून ठेवलास, मनगटाच्या वर, नाडी बघावी तसा.

तू गेलीस तेव्हा मी वर्गात होते. फोन पिशवीत होता, आवाज बंद करून. श्वसन शिकवत होते. बाकी काही शिकवत असते तर बरं झालं असतं.

तुला न्यायच्या वेळी गल्लीत उभं राहायला जागा नव्हती. गावागावांतून टेम्पो भरून माणसं आली होती. गांधी टोपीतली म्हातारी माणसं, दूध घालून तशीच आलेल्या बायका. त्यांना तुमच्यातली रीत माहीत नव्हती, हात जोडायचे की काय करायचं कळत नव्हतं, आणि तुमच्या जमातीतल्या लोकांना ही एवढी माणसं कोण ते कळत नव्हतं. शेवटी एका म्हाताऱ्यानं इक्बालभाईंना विचारलं, "खांदा दिला तर चालंल का आमी?" इक्बालभाईंनी त्याचा हात धरून पुढं नेलं. आम्ही बायका दारात थांबलो. तुला कोपऱ्यावरून वळवलं तेव्हा माझ्या शेजारी उभी असलेली एक बाई म्हणाली, "माझी गाय वाचवलीती त्यांनी." दुसरी म्हणाली, "माझी बी." 

परवा मी ते प्रकरण पुन्हा लिहायला बसले. पुस्तक परत छापायचं चाललंय, प्रकाशकांना सांगितलं, शेवट बदलायचा आहे. ते नाराज झाले. मुलांना तोच आवडलाय, म्हणाले. मी म्हटलं, बदलायचा आहे.

हुंकर बसते इथपर्यंत लिहिलं. तानी ओढते, रडते, विनवते. हुंकर उठत नाही. तानी औषधाची पिशवी खांद्याला लावते आणि चालायला लागते. तू म्हणाली होतीस तेच, आणि तू बरोबर होतीस, नसीम.  पण वाडीत पोचल्यावर तानी परत येणार ना? ती येईल तेव्हा हुंकर तिथं असेल का? एवढं मोठं अंग, किती वेळ एका कुशीवर बसू शकेल? खाली दबलेल्या पायातलं रक्त फिरायचं थांबेल का? ती तानीला बघून उठायला बघेल, की तोंड फिरवेल? मला काहीच माहीत नाही. मी फोन उचलला होता. तुझं नाव काढलं, आणि मग फोन तसाच हातात घेऊन बसले.

काल तुमच्याकडं आले. इक्बालभाई नमाजला गेले होते, मी एकटीच बाहेरच्या खोलीत. तुझा फोन टेबलावर होता. बंद करायला इक्बालभाईंचं मन होत नाही, आणि वाजला की ते उठून आतल्या खोलीत जातात. तो वाजला. थांबला. परत वाजला. तिसऱ्यांदा मी उचलला.

"डॉक्टरीणबाई, म्हस बसलीया ओ! सकाळी व्याली, आता उठंना झालीया!"

सीमेकडच्या गावातला आवाज होता, बाईचा, मागं कुणीतरी कानडीत बोलत होतं. मी म्हटलं, "त्या नाहीत."

"कवा येतील?"

अकरा दिवसांत हे मला कुणाला सांगावं लागलं नव्हतं. सगळ्यांना आधीच माहीत होतं. "त्या गेल्या," मी म्हटलं. "वारल्या. अकरा दिवस झाले."

पलीकडं नुसता गोठ्यातला आवाज. मग ती हळू म्हणाली, "न्हाय ओ... अवं, असं कसं?" आणि तिला हुंदका फुटला. मीही रडत होते. ओळखपाळख नसलेल्या दोघी, फोनच्या दोन टोकांना.

मग मीच विचारलं, "मान कशी आहे म्हशीची?"

"वळवून कुशीला लावलीया."

"कान?"

"गार लागत्यात."

कुठल्या रविवारी, कुठल्या गोठ्यात ते आठवत नाही, पण अशाच बसलेल्या म्हशीपाशी तू माझा हात धरून तिच्या कानाला लावला होतास. मला आठवेल तसं मी सांगत गेले. तोंडातून काही पाजू नका, श्वासाच्या नळीत जाईल. आडवी पडू देऊ नका, कडब्याच्या पेंढ्या नाहीतर पोती दोन्हीकडून लावून बसती ठेवा. थोड्या थोड्या वेळानं कूस बदला. सरकारी दवाखान्यात फोन करा, म्हणावं, व्यालेली म्हैस बसलीय, मान वळवलीय, कान गार आहेत. ते शिरेतून कॅल्शियमची बाटली देतील. "आत्ता फोन करा," मी म्हटलं. माझा आवाज मला तुझ्यासारखा दटावणारा वाटला.

"व्हय, व्हय. तुमी बी डॉक्टर हायसा?"

"नाही. मी मैत्रीण त्यांची."

 "जेवलासा का अक्का?"

जेवले नव्हते. "जेवले," म्हणाले.

"खोटं बोलू नगासा. जेवून घ्या," म्हणाली आणि फोन ठेवला.

मी तुझ्या स्वयंपाकघरात गेले. झाकून ठेवलेली भाकरी होती, ती घेतली. इक्बालभाई आले, त्यांनाही वाढलं. ते मुकाट्यानं जेवले. तू गेल्यापासून त्यांना मी पहिल्यांदा जेवताना बघितलं.

दिवस मावळायच्या आत फोन परत वाजला. या वेळी ते आतल्या खोलीत गेले नाहीत. माझ्याकडं बघत बसून राहिले. मी उचलला.

"उठली ओ अक्का! बाटली लावली आणि घटकाभरात उठून हुबी ऱ्हायली! रेडकू बी प्यायला लागलंया, रेडी हाय! डॉक्टरीणबाईस्नी तेवढं सांगा..."

बोलून गेल्यावर तिच्या ध्यानात आलं.  

"सांगते," मी म्हटलं.

म्हणून लिहायला बसले, नसीम. म्हैस उठली. रेडी झालीय, आणि ती पितेय.